रिकाम्या सीटचं माप

१

आमच्या घरी माणसं तीन, सायकली तीन आणि मीटर एक. मीटर म्हणजे सायकलचा छोटा कॉम्प्युटर, काडेपेटीहून जरासा मोठा. हँडलवरच्या खाचेत ठेवायचा, पाव वळसा द्यायचा, की टक् आवाज होऊन घट्ट बसतो. मग वेग, अंतर, चढ, उतार सगळं सांगत राहतो. आम्ही तिघं एकाच वेळी घराबाहेर पडलोय असं क्वचितच होतं, म्हणून एकच घ्यायचा आणि निघणाऱ्याने तो आपल्या सायकलवर लावायचा असं ठरलं. ठरवलं मी. आमच्याकडे ठरवण्याचं खातं माझ्याकडे आहे.

मीटर हवा होता तो मुख्यतः नवऱ्यासाठी. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पुढे सायकल चालवायची ती मोजून, असं त्याला सांगितलेलं होतं. मोजून काहीही करणं या माणसाच्या स्वभावात नाही. दुसरी गरज आमच्या भिंगरीची. तिला खऱ्या नावाने फक्त शाळेत हाक मारतात. सुट्टी संपली की ती पहिल्यांदाच एकटी सायकलने शाळेत जाणार होती, आणि आपण किती वेगात जातो हे तिला मैत्रिणींना दाखवायचं होतं.

या एकटं जाण्यावरून घरात बरंच वाजलं होतं. शाळेच्या वाटेवर पाण्याच्या टाकीपासून मोठ्या चौकापर्यंत लांब उतार आहे आणि खाली ट्रकचा रस्ता. नवऱ्याचं म्हणणं, पोरगी अजून लहान आहे. माझं म्हणणं, ब्रेक चांगले आहेत आणि पोरीला ते वेळेवर दाबता येतात. शेवटी माझं खरं झालं. म्हणजे काही बरं-वाईट झालं असतं तर तेही माझ्याच माथी आलं असतं.

तिन्ही सायकलींच्या मागच्या चाकाला एकेक बारका सेन्सर बसवला, की कोणती सायकल चालली आहे हे मीटर आपलं आपण ओळखतो. त्याला फक्त एक गोष्ट आपण सांगावी लागते, ती म्हणजे चाकाचा एक फेरा किती लांब. माहितीपुस्तकात छापील आकडे होते, पण मी डोळे तपासण्याचं काम करते. छापील आकड्यावर विसंबून मी कोणाला चष्मा देत नाही, मग चाकाचं माप तरी तसं का घ्यावं? माणूस बसला की टायर दबतो आणि फेरा किंचित आखूड होतो. त्यामुळे माप घ्यायचं ते माणूस बसवूनच.

आमचं घर तळमजल्यावर, दारासमोर फरशीचा लांब पॅसेज. चाकाची हवा भरायची नळी बरोबर खाली आणायची, तिथे खडूने रेघ मारायची, सायकल एक फेरा पुढे न्यायची, नळी पुन्हा खाली आली की दुसरी रेघ. मधलं अंतर टेपने मोजायचं. आधी माझी सायकल झाली, मग भिंगरीची. नवऱ्याच्या वेळी अडलं. पाय पट्ट्यांत बांधून तो खिडकीत बसला होता. तिथूनच म्हणाला की मी बसलोय असं समजा आणि घ्या उरकून.

भिंगरीला ते फारच आवडलं. तिने हँडल धरलं. मीही रिकाम्या सीटकडे बघून मानेने आदब दाखवली आणि म्हटलं, "बसा साहेब. पाय वर घ्या. चला."

आम्ही हसत हसत सायकल एक फेरा पुढे नेली. मी मोजलं आणि आलेला आकडा मीटरमध्ये भरून टाकला.

२

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका आजोबांचे डोळे तपासत होते. माझं अर्धं आयुष्य एकच प्रश्न विचारण्यात गेलंय: हे स्पष्ट की हे? एक भिंग लावायचं, मग दुसरं, आणि दोन्हींतला फरक माणसाकडून वदवून घ्यायचा. आजोबा म्हणाले की दोन्ही सारखीच दिसतात. दोन्ही सारखी नसतात हे मला माहीत असतं, म्हणून मी पुन्हा विचारलं, आणि विचारता विचारता हात तसाच राहिला.

माझी आणि नवऱ्याची सायकल सारखीच आहे. टायर एकाच कंपनीचे, हवा मीच एका बैठकीत भरलेली. माझ्या सायकलवर मी बसले होते. त्याच्या सायकलवर कोणीच नव्हतं. रिकाम्या सायकलचा फेरा लांब भरायला हवा होता. तो माझ्यापेक्षा बोटभर आखूड भरला होता.

टेप वाकडी धरली असेल, हसताना हात हलला असेल. घरी जाऊन चपलाही न काढता मी पुन्हा मोजलं. एकटीने मोजलं, थट्टा न करता. फेरा लांब भरला, अगदी जितका भरायला हवा तितका. मी मीटरमधला आकडा दुरुस्त केला, आणि नवऱ्याला सांगितलं की तुझ्या चेष्टेपायी माझं माप चुकलं. त्याने ते आनंदाने मान्य केलं. तो काहीही आनंदाने मान्य करतो.

मला बरं वाटायला हवं होतं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मोजताना माझी चूक सहसा होत नाही.

३

मग मी मीटर माझ्या सायकलला लावून कामावर जाऊ लागले. पहिल्याच सकाळी फाटकाबाहेर पडताना सायकल जड लागली. वय झालं, असं म्हणून मी दात-ओठ खात चढ चढले. टाकीजवळ मागून बारीक आवाज येऊ लागला. खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. थांबले की आवाजही थांबे. चाकावरचं मडगार्ड घासत असावं.

पण मीटरचं काय करायचं? घर ते दवाखाना हे अंतर मला पाठ आहे. मीटरवर ते वाढलेलं दिसत होतं. फार नाही, पण दवाखाना उचलून पलीकडच्या औषधाच्या दुकानाशी नेऊन ठेवावा, इतकं. टायर जास्त दबला तर असं होतं. चाकाचे फेरे वाढतात आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो.

सायकल घेऊन मी आमच्या मेकॅनिककडे गेले. भिंगरीच्या तीनचाकीपासून आमच्या सगळ्या सायकली त्याच्याच हाताखालून गेल्या आहेत. त्याने ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली, मडगार्डमध्ये बोट फिरवलं, चाक अधांतरी धरून फिरवलं. कुठेही काही घासत नव्हतं. मग त्याने मला पुढच्या कोपऱ्यापर्यंत चालवून दाखवायला सांगितलं, आणि स्वतः दुकानाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

मी परत आले तेव्हा तो टायरकडे बघत होता. "सायकलमध्ये काही दोष नाही, ताई. मागे कोणाला बसवता का रोज?" असं त्याने विचारलं.

मी म्हटलं की पिशवी असते फक्त कॅरिअरवर. त्याने पिशवी उचलून पाहिली. तीत माझा डबा आणि एक छत्री होती. त्याने ती परत ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. त्याने ते न घेणं मला त्याच्या प्रश्नापेक्षा जास्त टोचलं.

४

मी घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. पण मला घाबरण्यापेक्षा मोजणं बरं जमतं. रविवारी सकाळी लख्ख उजेडात मी सायकल पॅसेजमध्ये काढली, मीटर लावला, कामावर निघाल्यासारखी बसले आणि भिंगरीला रेघा मारायला लावल्या. फेरा पहिल्या दिवसापेक्षा बोटभर आखूड भरला. खिडकीतून नवऱ्याने माझ्या वजनाचा विषय काढला. मी आत जाऊन काट्यावर उभी राहिले, काटा बाहेर आणून त्याच्या नाकासमोर धरला आणि पुन्हा उभी राहिले. वजन होतं तितकंच होतं.

"म्हणजे टेप ताणली गेली असणार," तो म्हणाला. टेप स्टीलची होती.

भिंगरी पाणी प्यायला आत पळाली. मी पुन्हा सायकलवर बसले आणि या वेळी मागे वळून टायरवर नजर ठेवून हळूच उतरले. माणूस उतरला की दबलेला टायर लगेच फुगून वर येतो. माझा आला नाही. मी दोन्ही पायांवर फरशीवर उभी, हँडल हातात, आणि टायर तसाच चपटा. मी एक श्वास घेतला, सोडला. मग टायर हळूहळू वर आला, कोणीतरी सावकाश, पाय टेकत उतरावं तसा. कॅरिअरच्या स्प्रिंगच्या क्लिपखाली धरलेली माझी पिशवी एकदा हलली.

पॅसेजच्या फरशीवर मुलांच्या खेळण्याने आलेली बारीक धूळ होती. तिच्यात माझ्या चाकाची रेघ उमटली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पुसट ओरखडा. मी नवऱ्याला ते दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं, एरवीसारखी थट्टा केली नाही, आणि म्हणाला की स्टँड घासत असेल. स्टँड एका बाजूला असतो. हे त्यालाही माहीत होतं.

मी फडक्याने फरशी पुसून काढली. दोनदा पुसली.

५

कसली गोष्ट आहे हे शोधत बसण्यात मला रस नव्हता. ती कशाबरोबर येते एवढं कळलं की पुरे होतं. भिंगरीची शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि तो उतार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तिच्या सायकलचे ब्रेक तिच्यापुरते आहेत. मागे एक मोठा माणूस बसला तर ते उतारावर धरणार नाहीत, हे कळायला माप लागत नाही.

तेव्हा मी माझी जुनी रीत वापरली. हे की हे? मीटर लावून कामावर निघाले की सायकल जड. मीटर घरी ठेवून पॅसेजमध्ये फिरवली की हलकी. पुन्हा लावून निघाले, पुन्हा जड. नवऱ्याच्या सायकलवर मीटर नव्हता, ती हलकी. भिंगरी अंगणात मीटरशिवाय घिरट्या घालत होती, तिचा टायर टुमटुमीत. फरक इतका स्वच्छ दिसत होता की मी निकाल देऊन टाकला. जे काही होतं ते मीटरबरोबर होतं.

नवऱ्याला मी मीटर नको झालाय एवढंच सांगितलं. तो म्हणाला, मग देऊन टाक ना कोणाला. पण कोणाला देणार? ज्याला देऊ त्याच्या घरातही एखादी पोरगी असेल. फेकला तर कोणीतरी उचलेल. फोडायचंही मनात आलं, पण फोडल्यावर ते कुठे जाईल हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या सायकलवर असेपर्यंत निदान ते कुठे आहे हे कळत होतं.

म्हणून मी ठरवलं की ते मीच वाहायचं. मीटर कायम माझ्या हँडलवर राहील. भिंगरीच्या हँडलवरची खाच मी काढून टाकणार होते, पण ती तिने स्वतः बसवली होती आणि त्यावरून रडारड झाली. मी तेवढं सोडून दिलं. तिला सांगितलं की मीटर बिघडलाय, हात लावायचा नाही.

रोज सकाळी मी चढ चढत होते. मांड्या दगडासारख्या झाल्या. खर्र आवाजाची सवय झाली नाही, पण त्याच्याकडे कानाडोळा करता येऊ लागला. मी मागे एकदाही वळून पाहिलं नाही. बघितल्याने वजन कमी होणार नव्हतं.

६

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मागोमाग येणार नाही, असं वचन भिंगरीने माझ्याकडून घेतलं होतं. मी आंघोळीला गेले होते तेवढ्यात ती निघाली. बाहेर आले तर नवरा काठी टेकत दारात उभा, चेहऱ्यावर मोठं काम केल्याचा आनंद. पोरगी निघाली म्हणाला, झकास गेली, आणि फाटकाबाहेर पडल्यावर जोर लावून उभ्याने पॅडल मारत होती.

फाटकाबाहेर रस्ता सपाट आहे. मी माझ्या हँडलकडे पाहिलं. खाच रिकामी होती.

"मीच दिला," तो म्हणाला. "चालू तर आहे की. तिघांसाठीच घेतला ना तू?"

त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवला नाही. ओल्या केसांनी सायकल काढली आणि निघाले. पहिल्याच पॅडलला सायकल उडाली. इतक्या दिवसांत विसरलेच होते की सायकल अशी चालते. वाऱ्यासारखी हलकी, मागे आवाज नाही, काही नाही. इतकं भयंकर मला त्या सगळ्या दिवसांत एकदाही वाटलं नव्हतं. जितकी मी हलकी, तितकी ती जड, एवढंच डोक्यात घोळत होतं. रडू येत होतं आणि पाय थांबत नव्हते.

पाण्याच्या टाकीच्या अलीकडे ती दिसली. उभी राहून पॅडल मारत होती, दप्तर डावी-उजवीकडे झुलत होतं. मागचा टायर रस्त्यावर पोळीसारखा पसरला होता. पुढे वीस-पंचवीस हातांवर उतार सुरू होत होता. मी हाक मारली. ती थांबली, चिडून वळली, आणि मग माझे केस बघून तिचा राग विरला.

"आई, आज सायकल फार जड लागतेय गं," ती म्हणाली. "हवा गेली वाटतं."

मी तिला उतरायला सांगितलं. ती उतरली, सायकल स्टँडवर लावली आणि बाजूला झाली. टायर वर आला नाही. मी तिच्या हँडलवरचा मीटर वळसा देऊन काढला, माझ्या खाचेत घातला. टक्. तिच्या टायरकडे बघत राहिले. तो चपटाच होता.

पुन्हा काढला, पुन्हा लावला. काही फरक नाही. खालून ट्रकचे आवाज येत होते. शाळेची वेळ होत आली होती आणि भिंगरी माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती.

७

निकाल चुकला होता. त्या पहिल्या दिवशी, रिकाम्या सायकलचं माप आखूड भरलं तेव्हा, मीटर कुठल्याच हँडलवर नव्हता. तो खोक्यात होता, आकडे भरण्यासाठी मी नंतर बाहेर काढला. मीटर लावला की मी निघणार, हे मला जसं कळत होतं तसंच मागे बसणाऱ्यालाही. ते मीटरबरोबर येत नव्हतंच. निघणाऱ्याबरोबर येत होतं. आणि आज माझ्याआधी भिंगरी निघाली होती.

त्या दिवशी मी फक्त एक गोष्ट केली होती. रिकाम्या सीटकडे बघून 'बसा' म्हटलं होतं.

मीटर काढून मी खिशात टाकला. सायकल वळवून तिच्या सायकलच्या शेजारी आणली, इतकी जवळ की दोन्ही कॅरिअर एकमेकांना लागली. सीटवर बसले, दोन्ही हातांनी ब्रेक दाबून धरले, नजर समोर ठेवली. भीती गेली नव्हती. पण पोरगी माझी होती आणि बोलावणंही माझंच होतं.

"बसा," मी म्हटलं, त्या दिवशी म्हटलं होतं तसंच, आदबीने. "इकडे बसा. मी नेते."

आधी शेजारून सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला. तिचा टायर वर येत होता. मग माझ्या कॅरिअरची स्प्रिंग करकरली आणि सीट खाली गेली. चाक दबलं, हँडल क्षणभर वर उचललं गेल्यासारखं झालं, आणि पाठीवरचा ओला शर्ट कोणीतरी दोन्ही मुठींत धरावा तसा ताणला गेला.

भिंगरी माझ्यासमोर उभी होती. ती माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती. ती ओरडली नाही. वर्गात कोणी नवीन आलं की करते तशी एक पाऊल मागे सरली. मी तिला म्हटलं की शाळेत जा, ब्रेक धरून सावकाश उतर, मागे बघू नकोस. तिने मान हलवली, सायकलवर बसली, टायर तिच्यापुरताच दबला. मी तो डोळे भरून पाहिला.

निघता निघता ती थांबली.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांचे पाय खाली लोळतायत."

"पाय वर घ्या," मी मागे न बघता म्हटलं, आणि पॅडलवर जोर दिला.